जुन्या टी.व्ही.च्या बटणावर पुन्हा तीन कार्यक्रम

लाकडी शटरचा जुना टी.व्ही. माळ्यावर पडून असेल, तर तो भंगारवाल्याच्या गाडीवर घालण्याआधी थोडे थांबा. पुष्कळदा बिघाड संचात नसतोच. दूरदर्शनने जमिनीवरची जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली. छपरावरची अँटेना कितीही फिरवा, पडद्यावर मुंग्याच दिसणार. इकडे घरातल्या आजींना नव्या संचाचा रिमोट उमगत नाही, पण खटक्याचे गोल बटण त्यांच्या हाताला पाठ असते.

त्या बटणाला पुन्हा काम देता येते. त्यासाठी हवा मॉड्युलेटर, म्हणजे घरातल्या घरात वायरीतून चालणारे इवलेसे प्रक्षेपण केंद्रच म्हणा ना! फ्री डिशची पेटी एका वेळी एकच वाहिनी देते. म्हणून जितके कार्यक्रम हवेत तितक्या पेट्या आणि तितकेच मॉड्युलेटर. खर्च वाढतो तो इथेच. आमच्या मते तीन पुरेत. एक पेटी सह्याद्रीवर, दुसरी डीडी किसानवर, तिसरी बातम्यांवर लावून ठेवावी. छत्रीवर मात्र दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी बसवून प्रत्येक पेटीला वेगळी वायर द्यावी.

पेटीच्या पिवळ्या आणि पांढऱ्या भोकांतून चित्र व आवाज मॉड्युलेटरमध्ये न्यावा. पेटी घेतानाच ही भोके आहेत ना, ते पाहा. पहिला मॉड्युलेटर २ नंबरवर, दुसरा ४ वर, तिसरा ६ वर लावा. लगतचे नंबर घेतले तर एकाची छाया दुसऱ्यावर पडते. तिन्हींच्या वायरी कंबायनरमध्ये एकत्र आणल्या की पुढे एकच गोल वायर संचापर्यंत जाते. संचामागे चपट्या वायरीचे दोन स्क्रू असतील, तर मधे ७५ ते ३०० ओहमची छोटी डबी, म्हणजे बलून, लावावी.

मॉड्युलेटर घेताना फसू नका. आपल्या पुष्कळ जुन्या संचांना २ ते १२ एवढेच नंबर कळतात. यूएचएफचा मॉड्युलेटर त्यांना निरुपयोगी. तसेच तो पाल पद्धतीचा आणि ५.५ मेगाहर्ट्झ आवाजाचा हवा. नाहीतर चित्र येईल, पण माणसे मुकी! २०१२ ते २०१७ या काळात केबल डिजिटल झाली, तेव्हा केबलवाल्यांचे चांगले मॉड्युलेटर अडगळीत गेले. ते मिळाले तर उत्तम. मात्र त्यांचा जोर घरच्या संचाला सोसत नाही, चित्र काळवंडून वाकडे होते. मधे अ‍ॅटेन्युएटर घालावा.

मॉड्युलेटरची वायर छपरावरच्या अँटेनाला कधीही जोडू नका. परवान्याशिवाय प्रक्षेपण हा गुन्हा आहे.

आणि संचाचे मागचे झाकण स्वतः उघडू नका. काही जुन्या संचांत आतला पत्रा थेट घरच्या विजेशी जोडलेला असतो, आणि चित्रनळीत हजारो व्होल्ट असतात. ते संच बंद केल्यावरही काही काळ टिकतात. वर्षानुवर्षे बंद असलेला संच आधी जाणत्या मेकॅनिकला दाखवावा, मगच वीज द्यावी.

एक लहानशी गोष्ट राहिली. वीज जाऊन आली की काही पेट्या झोपूनच राहतात, आणि आजी बटण फिरवत बसतात. म्हणून दुकानातच पिन काढून पुन्हा लावून पाहा. तीच वाहिनी आपोआप सुरू झाली, तरच पेटी घ्या.