तज्ज्ञ कोठे घडला, हे अवश्य विचारा
अपत्यासाठी उपचार घेणाऱ्या दांपत्याच्या घरातील ज्येष्ठांसाठी

लग्नाला चार-पाच वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की सर्वांत आधी झोप उडते ती वडीलधाऱ्यांची. प्रवराकाठचे बेलापूर असो वा दुसरे कोणतेही गाव, नवससायास होतात, गावोगावची औषधे होतात आणि मग कोणीतरी शहरातील एखाद्या ‘टेस्ट ट्यूब बेबी’ केंद्राचा पत्ता हाती ठेवतो. उपचार मुलासुनेचे वा लेकीजावयाचे असले, तरी डॉक्टर कोणता निवडायचा आणि पैसा कसा उभा करायचा, हे अनेक घरांत आपणच ठरविता. म्हणून श्रीरामपुरातील ‘बेलापूर’ स्थानकावरून पुण्याची गाडी धरण्यापूर्वी एक गोष्ट आपण जाणून घ्यावी : फलकावर ‘वंध्यत्वतज्ज्ञ’ असे लिहिणारा डॉक्टर घडतो कोठे, आणि त्याला घडविणाऱ्या रुग्णालयाची परीक्षा कोण घेतो?

दोष कोणाचा, हा प्रश्नच चुकीचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे सहांपैकी एकास आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. अशा दांपत्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाशी संबंधित कारणही आढळते. त्यामुळे तपासणी दोघांचीही, आणि एकाच वेळी, झाली पाहिजे. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांहून अधिक थांबू नये. सुनेला बोल लावण्यात गेलेली वर्षे कोणतेही औषध परत देत नाही.

फलकामागील शिक्षण

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्या काळी या शास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम आपल्याकडे नव्हता; जाणत्याच्या हाताखाली राहून जे शिकता येईल, ते शिकावयाचे.

आज तशी स्थिती नाही. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेल्या डॉक्टरला प्रवेश परीक्षा देऊन ‘प्रजनन वैद्यक’ या विषयाची दोन वर्षांची फेलोशिप करता येते. ती राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळ चालविते. १९७५ साली आरंभ झालेले हे मंडळ १९८२ पासून स्वायत्त आहे. १९९८ साली नाशिक येथे स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही मान्यताप्राप्त संस्थांमधून फेलोशिप अभ्यासक्रम चालविते.

यातील ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द महत्त्वाचा. कोणत्याही रुग्णालयाने मनात आणले आणि विद्यार्थी घेतले, असे चालत नाही. शिकविणारे अनुभवी तज्ज्ञ आहेत का, विद्यार्थ्याच्या हाताला पुरेसे काम मिळेल इतके रुग्ण येतात का, प्रयोगशाळा व उपकरणे योग्य आहेत का, हे तपासले जाते. मान्यता ठरावीक मुदतीची असते. मुदत संपली, की पुन्हा तपासणी होते. आपला भाग उसाचा. कारखान्यावर ऊस घालताना काटा प्रमाणित आहे ना, हे आपण पाहतोच. ज्या हातांत घराची आशा सोपवायची, ते हात कोणत्या काट्यावर जोखले गेले, हे विचारण्यात गैर ते काय?

मात्र एक ध्यानात ठेवावे. फेलोशिप नसलेला प्रत्येक डॉक्टर अपात्र ठरत नाही. अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञांनाही कायद्याने वाव दिला आहे. प्रश्न विचारावयाचा तो माहितीसाठी, अविश्वासाने नव्हे.

कायदा आपल्या बाजूने

सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ साली संमत झाला. त्यानुसार अशा प्रत्येक केंद्राला नोंदणी बंधनकारक आहे. उपचारांतून यशाची शक्यता किती, धोके कोणते व खर्च किती, हे दांपत्याला समजावून सांगणे, लेखी संमती घेणे आणि तक्रार निवारण कक्ष ठेवणे ही केंद्राची जबाबदारी आहे. हे उपचार २१ वर्षांवरील व ५० वर्षांखालील स्त्रीला, तसेच २१ वर्षांवरील व ५५ वर्षांखालील पुरुषालाच घेता येतात. ‘मुलगाच हवा’ असा आग्रह धरून लिंगनिवड करू पाहणे हा गुन्हा आहे. तो शब्दही ओठांवर येऊ देऊ नये.

पहिल्या भेटीत विचारावयाचे प्रश्न

• केंद्राच्या नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवाल का?
• प्रजनन वैद्यकाचे प्रशिक्षण आपण कोठे व किती काळ घेतले?
• प्रयोगशाळेतील भ्रूणतज्ज्ञ कायमस्वरूपी आहेत की बाहेरून येतात?
• आमच्या सुनेच्या वयाच्या स्त्रियांत प्रत्यक्ष बाळ घरी जाण्याचे प्रमाण किती?
• औषधे व इंजेक्शने धरून एका आवर्तनाचा खर्च लेखी द्याल का?

‘शंभर टक्के खात्री’ देणाऱ्यापासून दूर राहावे. वय वाढते तशी यशाची शक्यता घटते आणि अनेकदा पहिले आवर्तन निष्फळ ठरते, हे प्रामाणिक डॉक्टर स्वतःहून सांगतो.

घरी आपण काय करावे

इंजेक्शनांच्या काळात, तसेच स्त्रीबीजे काढल्यानंतर, सुनेचे पोट फुगणे, दम लागणे, लघवी कमी होणे किंवा वजन झपाट्याने वाढणे, असे काही दिसल्यास उद्याची वाट न पाहता केंद्राशी संपर्क साधावा. कागदपत्रे व अहवाल एका पिशवीत तारखेनुसार लावून ठेवावेत. शेजारीपाजारी चौकशी करू लागले, तर उत्तर आपण द्यावे. तिला द्यावयास लावू नये. आणि खर्चाची मर्यादा घरात बसून आधीच ठरवावी. एकामागून एक आवर्तनांसाठी जमीन विकण्याची वेळ येऊ देऊ नये.

उत्तम केंद्र आणि उत्तम तज्ज्ञ मिळाला, तरी बाळ होईलच, याची हमी कोणाची मान्यता देत नाही. योग्य हातांनी योग्य प्रयत्न झाले, एवढे समाधान मात्र ती देऊ शकते. त्यानंतरही ओटी रिकामी राहिली, तर दत्तकाचा सन्माननीय मार्ग आहे, आणि दोघांचेच सुखी घर हेही पूर्ण घरच आहे. घरातील ज्येष्ठांनी हे एकदा मोकळेपणाने बोलून दाखविले, तर त्या दोघांच्या मनावरचे निम्मे ओझे उतरेल.