गळ्यातील चिठ्ठी

लखनौ शहरात गोमतीपलीकडे इंदिरा नगर ही विस्तीर्ण वसाहत आहे. तिच्या जवळून कुकरैल नावाचा एक प्रवाह वाहत जाऊन गोमतीस मिळतो. ‘कुकुर’ म्हणजे कुत्रा. या प्रवाहाच्या नावामागे एक लोककथा सांगितली जाते आणि योगायोगाने ती कर्ज व तारण यांचीच कथा आहे.

एका बंजाऱ्याने कर्जापोटी आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी ऐवज लपविल्याची जागा या कुत्र्याने दाखविली. संतुष्ट झालेल्या सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्यास मोकळे केले. कुत्रा धन्याकडे धावत निघाला. परंतु तो वचन मोडून पळून आला, असे समजून बंजाऱ्याने रागाच्या भरात त्याचा जीव घेतला. चिठ्ठी वाचली गेली ती त्यानंतर! तेथेच हा प्रवाह उगम पावला, अशी श्रद्धा आहे.

वाट चुकलेला मुका जीव आपल्या दाराशी येतो, तेव्हा हीच कथा स्मरावी. निर्णय घेण्यापूर्वी गळ्यातील चिठ्ठी पाहावी.

प्रथम ओळख

समजा, दिवाळीच्या रात्री फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेला एक कुत्रा मुन्शी पुलियाच्या रहदारीत सैरावैरा धावत आहे. त्याचा पाठलाग करू नये. तो आणखी घाबरून वाहनाखाली जाण्याचा धोका असतो. थोडे अंतर राखून, कडेला खाली बसून शांतपणे बोलावे. पाणी व थोडे अन्न पुढे ठेवावे. तो गुरगुरत असेल, तर दूर राहून नगर निगमास किंवा प्राणिमित्र संस्थेस कळवावे.

तो जवळ आल्यास पट्टा, त्यावरील दूरध्वनी क्रमांक आणि नगर निगमाच्या परवान्याचा बिल्ला पाहावा. कानाच्या टोकाला खाच असेल, तर ती बहुधा निर्बीजीकरण झाल्याची खूण असते. असा कुत्रा हरवलेला नसून त्याच गल्लीचा रहिवासी असतो. त्याला उचलून नेणे म्हणजेच त्याला हरविणे होय. धष्टपुष्ट मांजराच्या बाबतीतही घाई नको, कारण त्याचे घर अनेकदा दोन-चार दारांपलीकडेच असते.

पट्टा नसेल, तर पशुवैद्यांकडे जावे. काही पाळीव प्राण्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसविलेली असते. यंत्राने तिच्यावरील पंधरा अंकी क्रमांक वाचता येतो आणि त्यावरून मालकाची नोंद शोधता येते.

स्वतःची काळजी

कुकरैलच्या पाण्यात स्नान केल्याने कुत्र्याच्या दंशाचे विष उतरते, असा समज पूर्वापार आहे. श्रद्धेचा मान राखूनही हे स्पष्ट सांगितले पाहिजे, की रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-तिखट लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. पाहुण्या प्राण्यास घरातील मुले व इतर जनावरांपासून वेगळे ठेवावे.

सापडलेली वस्तू ही ठेवच

सापडलेल्या वस्तूचा मालकी हक्क सापडणाऱ्याकडे जातो, हा समज चुकीचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ नुसार, दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याचीच जबाबदारी येते. कलम १५१ सांगते, की सामान्य विवेकी मनुष्य स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी ठेवीची घ्यावी. कलम १६३ मधील उदाहरण तर बोलके आहे: सांभाळावयास दिलेली गाय व्याली, तर गायीबरोबर वासरूही परत करावे लागते!

मालकाचा वाजवी शोध न घेता प्राणी अप्रामाणिकपणे स्वतःचा करून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अपराध ठरू शकतो. परत करण्याच्या हेतूने सांभाळणे हा मात्र अपराध नव्हे.

खर्चाचे काय? कलम १६८ नुसार, स्वेच्छेने केलेल्या खर्चासाठी दावा करता येत नाही. पण भरपाई मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. मालकाने निश्चित बक्षीस जाहीर केले असल्यास त्यासाठी दावाही करता येतो. येथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला १९१३ चा लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त हा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निवाडा आठवतो. हरवलेल्या मुलास शोधून काढणाऱ्या नोकरास बक्षीस नाकारले गेले, कारण शोध लागला त्या वेळी बक्षिसाची घोषणा त्याला ठाऊकच नव्हती.

शोध आणि पडताळणी

दूधवाला, वृत्तपत्र टाकणारा मुलगा, इस्त्रीवाला आणि पहारेकरी यांना वस्तीतील प्रत्येक पाळीव प्राणी ठाऊक असतो. प्रथम त्यांना विचारावे. भूतनाथ बाजारातील दुकानांत व पशुवैद्यांकडे छायाचित्रासह सूचना लावावी. पोलीस ठाण्यास कळवावे. मात्र एखादी खूण जाहीर करू नये. बँक ज्याप्रमाणे स्वाक्षरी पडताळते, त्याप्रमाणे दावा करणाऱ्यास ती खूण विचारावी. लसीकरण पत्रिका, परवाना व जुनी छायाचित्रे पाहावीत. पहिल्याच येणाऱ्याच्या स्वाधीन करण्याची घाई धोक्याची ठरते.

प्रयत्न करूनही मालक मिळाला नाही, तर लसीकरण करून व परवाना काढून त्याला रीतसर घरी ठेवावे किंवा जबाबदार कुटुंब शोधावे. कंटाळून कुकरैलच्या वनात सोडून देणे हा मार्ग नव्हे. उपासमार घडेल अशा स्थितीत प्राण्यास सोडून देणे हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली गुन्हा आहे.

पाळणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. बदलीनंतर खात्यातील पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक आपण बदलून घेतो. त्याच दिवशी कुत्र्याच्या पट्ट्यावरील क्रमांकही बदलावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धाचा तोच एक सोबती असतो आणि जुन्या क्रमांकावर कितीही घंटा वाजली, तरी तो घरी पोहोचत नाही.

बंजाऱ्याने चिठ्ठी वाचली होती, परंतु उशिरा. आपण ती वेळेवर वाचावी आणि पुढच्याला वाचता येईल अशी लिहूनही ठेवावी.