एका झटक्यात १९ ऑटो मासिकं बंद झाली, आता कस्टम गाड्यांवर लिहिणार कोण?

डिसेंबर २०१९. अमेरिकेतल्या टेन पब्लिशिंग या कंपनीकडून २२ ऑटो मासिकं छापली जात होती. कंपनीने जाहीर केलं की त्यातल्या १९ मासिकांची छपाई थांबणार. उरली फक्त तीन: मोटर ट्रेंड, हॉट रॉड आणि फोर व्हीलर. बंद झालेल्यांमध्ये लोरायडर, स्ट्रीट रॉडर, क्लासिक ट्रक्स, ट्रकिन अशी नावं होती. म्हणजे कस्टम गाड्या आणि ट्रकवर लिहिणारी बरीचशी मासिकं एकाच दिवशी गेली.

कस्टम गाडी म्हणजे काय? तर कंपनीतून आली तशी न ठेवता मालकाने आपल्या मनासारखी घडवून घेतलेली गाडी. कुणी छप्पर कापून गाडी बुटकी करतं, कुणी दुसरं इंजिन बसवतं, कुणी महिनोन्‌महिने हाताने रंगकाम करतं.

आज अशा गाड्यांवर स्वतःचं ऑनलाइन मासिक काढायचं तर छापखाना लागत नाही, वितरकही लागत नाही. मग एवढं सोपं असताना अशी मासिकं टिकत का नाहीत? त्यासाठी थोडं मागे जाऊया.

सुरुवात हौशी पोरांनीच केली होती

हॉट रॉडचा पहिला अंक जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये निघाला. काढणारे दोघं होते, रॉबर्ट पीटरसन आणि रॉबर्ट लिंडसे. किंमत होती २५ सेंट. जुन्या गाड्यांना ताकदवान इंजिन लावून पळवणारी पोरं तेव्हा रस्त्यावरची डोकेदुखी समजली जायची. या मासिकाचे संपादक झालेले वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी केली. शर्यती रस्त्यावरून उचलून नियम असलेल्या ट्रॅकवर नेणं हा तिचा हेतू होता. मासिक फक्त फोटो छापून थांबलं नाही, ते असं.

लोरायडरचंही तसंच. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे सनी मॅड्रिड आणि त्याच्या दोन मित्रांनी ते सुरू केलं. रस्त्याला टेकतील इतक्या खाली आणलेल्या, चकचकीत रंगवलेल्या गाड्या ही तिथल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांची ओळख होती. बाहेरचे लोक या तरुणांकडे संशयाने बघायचे. लोरायडरने त्यांची गोष्ट त्यांच्याच नजरेतून मांडली.

मग घोडं अडलं कुठे?

मासिकं चालली, म्हणून ती विकली गेली. १९९६ मध्ये पीटरसनची कंपनी सुमारे ४५ कोटी डॉलरना विकली गेली. नंतर ती ब्रिटनच्या ईमॅपकडे गेली. २००१ मध्ये ईमॅपचा अमेरिकेतला धंदा प्रायमीडियाने ५१.५ कोटी डॉलरना घेतला. २००७ मध्ये प्रायमीडियाच्या छंदविषयक मासिकांचा सगळा गठ्ठा सोर्स इंटरलिंकने १.२ अब्ज डॉलरना विकत घेतला आणि दोनच वर्षांत, २००९ मध्ये, ही कंपनी दिवाळखोरीत गेली. टेन हे तिचंच पुढचं रूप.

या काळात वाचक आणि जाहिराती दोन्ही इंटरनेटकडे सरकत होते. ज्यांनी मासिक काढलं त्यांच्यासाठी ते आपल्या लोकांचं व्यासपीठ होतं. पुढच्या मालकांसाठी तो हिशेबाच्या वहीतला एक आकडा होता. आकडा जुळेना, तेव्हा तो खोडला गेला.

स्वतंत्र मासिकाचा खर्च नेमका कशावर होतो?

डोमेन आणि होस्टिंगचा खर्च तुलनेने किरकोळ असतो. खरा खर्च माणसांवर आणि वेळेवर होतो. एका गाडीवर नीट लेख करायचा तर मालकाला भेटा, ती घडवणाऱ्या मेकॅनिकशी आणि पेंटरशी बोला, कोणता पार्ट कुठून आणला ते टिपून घ्या, काम सुरू होण्याआधीचे फोटो मिळवा आणि शेवटी चांगल्या उजेडात शूट करा. हे सगळं दर आठवड्याला करायचं असतं.

पैसे येतात कुठून?

ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट जाहिरातींची. इथे जाहिरातदार म्हणजे पार्ट विकणारे आणि गॅरेजवाले. अडचण अशी की लिहायचंही त्यांच्याच मालाबद्दल असतं.

दुसरी वाट एका मोठ्या पाठीराख्याची. स्पीडहंटर्स ही कार संस्कृतीवरची वेबसाइट २००८ मध्ये आली. तिच्यामागे नीड फॉर स्पीड हा गेम बनवणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनी होती. काम देखणं होतं, पण किल्ली कंपनीच्या हातात.

तिसरी वाट वाचकांची. २०२२ मध्ये जॅलॉपनिक सोडून बाहेर पडलेल्या जेसन टॉर्चिन्स्की आणि डेव्हिड ट्रेसी यांनी द ऑटोपियन सुरू केलं. त्यांच्यासोबत बो बेकमन हे भागीदार आहेत. त्यांच्या कुटुंबाची गॅल्पिन ही लॉस एंजेलिसमधली मोठी डीलरशिप, आणि ती कस्टम गाड्याही बनवते. पण वाचकही वर्गणी भरून सभासद होतात. सभासदत्वाच्या पायऱ्यांना सीट कव्हरची नावं आहेत: कापड, व्हिनाइल, वेलोर. म्हणजे इथे दुसरी आणि तिसरी वाट एकत्र आली आहे.

स्वातंत्र्याची परीक्षा मात्र एकच. जाहिरातदाराचा सस्पेन्शन किट खराब निघाला, तर मासिक तसं लिहू शकतं का? प्रश्न जिवाचा आहे. गाडी चुकीच्या पद्धतीने खाली आणली तर टायर बॉडीला घासू शकतात आणि वळणावर गाडीचा ताबा सुटू शकतो. लेख वाचून कुणीतरी तोच किट बसवणार असतो.

भारतात काढायचं ठरवलं तर?

इथे आणखी एक जबाबदारी वाढते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने नमूद केलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. सीएनजी किटसारखे बदल मान्य आहेत, पण आरटीओच्या परवानगीने. रंग बदलला तरी आरसी बुकात नोंद लागते. म्हणून प्रत्येक लेखात एक गोष्ट स्पष्ट हवी: यातलं काय रस्त्यावर चालतं आणि काय फक्त शोमध्ये. नाहीतर फोटो तुमचा आणि दंड वाचकाला.

जाहिरातींचेही नियम आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आणली. एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी आर्थिक संबंध असेल, तर तो उघड करावा लागतो. फुकट मिळालेला पार्टही त्यात येतो. फोटोंचं पण तसंच. साधारणपणे फोटोचा हक्क तो काढणाऱ्याचा असतो, त्यामुळे इन्स्टाग्रामवरून उचलून चालत नाही. बाहेरच्या फोटोग्राफरशी आधी लेखी बोलणं करून ठेवा.

थोडक्यात काय?

पहिला लेख टाकायच्या आधी तीन गोष्टी ठरवा. पैसे कोण देतंय हे वाचकाला दिसेल असं लिहा. एकाच जाहिरातदारावर सगळी मदार ठेवू नका. आणि प्रत्येक लेखाची, प्रत्येक फोटोची प्रत स्वतःजवळ ठेवा. मासिक विकलं गेलं किंवा बंद पडलं, तरी पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या पेंटरने तीन महिने खपून केलेलं काम कुठेतरी नोंदलेलं राहील.