कण तोच, अंगरखा रक्ताचा

प्रयोगशाळेत घडवलेला नॅनोकण शिरेतून रक्तात सोडला, की पाहता पाहता त्याचे रूप पालटते. रक्तातली प्रथिने त्याच्या अंगाला चिकटतात आणि त्यांचा एक अंगरखाच तयार होतो. डब्लिनच्या केनेथ डॉसन यांच्यासारख्या संशोधकांनी २००७च्या सुमारास त्याला ‘प्रोटीन कोरोना’ हे नाव दिले. पेशी कणाला ओळखते ती या अंगरख्यावरून. विशिष्ट पेशी गाठण्यासाठी कणावर मुद्दाम जोडलेले रेणू पुष्कळदा त्याखाली झाकले जातात आणि मोठ्या मेहनतीवर पाणी पडते.

पॅटिसिरान या औषधाला मात्र हाच अंगरखा पावला. एका आनुवंशिक आजारात यकृत ट्रान्सथायरेटिन नावाचे प्रथिन सदोष बनवते आणि ते मज्जातंतूंत साचत जाते. ते बनणे थांबवणारे आरएनए या औषधात स्निग्ध नॅनोकणांत भरलेले असतात. रक्तात या कणांवर ‘अपोलिपोप्रोटीन ई’ चढते. कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरही हेच प्रथिन असते, म्हणून यकृताच्या पेशी ते चटकन ओळखतात. पेशीचे आवरण तिथे आत दबते, खळगा पडतो, खळग्याचे तोंड मिटते आणि कण एका पिशवीत बंद होऊन आत येतो. अमेरिकेत ऑगस्ट २०१८मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. नॅनोकणांत आरएनए भरलेल्या औषधांत ते पहिलेच.

खरी कसोटी पिशवीत लागते. ती हळूहळू आम्लधर्मी होते आणि शेवटी लायसोसोमला जाऊन मिळते. तिथली विकरे आतला ऐवज पचवून टाकतात. त्याआधी निसटायचे, म्हणून खास स्निग्ध रेणू वापरतात. रक्तात त्यांच्यावर जवळजवळ विद्युतभार नसतो. आम्लात ते धनभारित होतात, पिशवीच्या ऋणभारित भिंतीला भिडतात आणि ती विस्कटतात. कोविडच्या एमआरएनए लशींतही हीच युक्ती आहे. मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

तरीही निसटणारे फार थोडे. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असे जेमतेम एक ते दोन टक्के आरएनए पिशवीबाहेर पडलेले आढळले. पण बाहेर पडलेला एक रेणू हे प्रथिन बनवण्याचे पेशीतले अनेक संदेश एकामागून एक तोडू शकतो. म्हणून एवढ्याशा भांडवलावरही पॅटिसिरानने रुग्णांच्या रक्तातले ट्रान्सथायरेटिन सुमारे ८० टक्क्यांनी घटवले.

यापुढे नॅनोऔषधाची बातमी वाचताना किती कण पेशीत शिरले एवढ्यावर समाधान मानू नका. पिशवीबाहेर किती पडले, तेही विचारा.