घरच्या विमानात रेडिओ बसविताना

घरी विमान बांधता येते म्हटले की आपल्याकडे लोक अजून हसतात. परंतु मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंद झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये ते धुळ्याला उडाले. यंत्र उभे राहिल्यावर कागद पुरे व्हायला किती काळ लागतो, हे ज्याने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्याला आम्ही सांगावयास नको. अमेरिकेत तर अशा हौशी विमानकारांची संघटना १९५३ पासून आहे.

आम्ही वैमानिक नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारातल्या सभांत आणि रात्रीच्या वाचनालयात झाले. पण यंत्रासमोर बसलेल्या माणसाचे काय होते, हा आमच्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे. म्हणून या विमानांच्या एकाच अंगाविषयी, रेडिओविषयी, आज बोलणार आहोत. पंखांचे आणि इंजिनाचे कौतुक सगळेच करतात. रेडिओ मात्र बाजारातून आणायचा आणि चार स्क्रूंनी आवळायचा, असा समज आहे. या समजापायी पुष्कळांचे चांगले काम बिघडते.

वैमानिकासमोरच्या फळीला कारागीर पॅनेल म्हणतात. एका माणसाच्या विमानात ती माणसाच्या खांद्यांहून फारशी रुंद नसते. तेवढ्यात वेग, उंची, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, तेलाचे तापमान दाखविणारी यंत्रे आणि होकायंत्र बसवायचे. या यंत्रांची गोल भोके जगभर दोन ठरीव मापांची असतात, सुमारे ७९ मिलिमीटर आणि ५७ मिलिमीटर. आज ५७ मिलिमीटरच्या भोकात मावणारे रेडिओ मिळतात आणि त्यांचे वजन अर्धा किलोच्या आत असते. तेव्हा तोंड मावते. अडचण असते ती पोटाची. फळीमागे रेडिओ पंधरा-वीस सेंटिमीटर लांब जातो, त्यापुढे जोडणीचा प्लग, त्यापुढे तार वळायला जागा. तिथेच कुठे पेट्रोलची टाकी येते, कुठे पायट्यांचे दोर जातात, कुठे इंजिनामागची लोखंडी भिंत आडवी येते. लांब डबा नुसता तोंडाशी आवळला तर इंजिनाच्या थरथरीने मागून हलतो आणि कालांतराने स्क्रू ढिले करतो. म्हणून मागच्या टोकालाही आधार द्यावा लागतो, आणि उष्णता निघून जायला भोवती हवा ठेवावी लागते.

शहाणा बांधणारा प्रथम पुठ्ठ्याची फळी कापतो. तिच्यावर सगळ्या यंत्रांची चित्रे चिकटवितो, विमानात बसतो, खांद्याचे पट्टे आवळतो आणि सुकाणूची दांडी चारही दिशांना शेवटपर्यंत फिरवून पाहतो. गुडघा कुठे लागतो, हात कुठवर पोचतो, हे तेव्हा कळते. पट्टे बांधलेल्या माणसाचा टप्पा मोकळ्या माणसाहून बराच कमी असतो. आकडा वाचायला मान खाली घालावी लागली, तर तेवढा वेळ बाहेरचे आकाश दिसत नाही आणि विमान नकळत एका अंगाला कलते. एका कारखान्यात यंत्र बंद करण्याचे बटण मजुराच्या हाताबाहेर बसविलेले आम्ही पाहिले आहे. ते हातभर अलीकडे आणायला सव्वा महिना वाटाघाटी कराव्या लागल्या. घरच्या विमानात मालक, अभियंता आणि मजूर एकच असतो, तरीही माणसाऐवजी फळीच्या शोभेचा विचार आधी होतो, हे नवल आहे.

जागा मुळीच नसेल तर रेडिओचे दोन भाग करता येतात. बटणे आणि आकडे फळीवर, डबा आसनामागे. जागेच्या टंचाईवर आपल्या जुन्नर तालुक्यातच दुसरी एक तोड पाहावयास मिळते. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांवर, जिथे लहरी एकवटतात तिथे, जागा एकच आणि लहरी टिपणारी साधने मात्र चार बाजूंना निरनिराळी. तिथे फिरते डोके बसविले आहे. हवे ते साधन तबकडीसमोर फिरवून आणतात. विमानात असे करता येत नाही, पण जागा एक आणि गरजा अनेक हा पेच तोच.

आता आवाजाकडे येऊ. विमाने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, आणि तीही ‘एएम’ या जुन्या पद्धतीने. जुनी पद्धत का टिकली? ‘एफएम’मध्ये दोघे एकाच वेळी बोलले तर जोरदार आवाज दुबळ्याला गिळून टाकतो आणि तिसऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. ‘एएम’मध्ये शिट्टी ऐकू येते, कोणी दुसराही बोलू पाहत आहे एवढे तरी समजते. आमच्या सभांचे अध्यक्ष हे तत्त्व पाळतील तर बरे. या गुणाची किंमत अशी की, ‘एएम’ला ठिणगीचा खरखराट सहज चिकटतो. विमानाच्या इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी दर सेकंदाला कित्येकदा पडते. म्हणून प्लगच्या तारांना धातूच्या जाळीचे आवरण लागते. माइकची तार आवरणाची हवी आणि तिचे आर्थिंग वाटेत फळीला न टेकता रेडिओपाशीच जोडावे. दोन ठिकाणी टेकले की खरखर आत शिरते.

ठिणगीचा हाच शत्रू खोडदलाही छळतो. तिथे ३० तबकड्या आकाशातल्या अतिक्षीण लहरी ऐकतात, आणि जवळच्या वीजवाहिनीवर कुठे ठिणगी उडाली तरी ती ऐकू येते. डोंगर मुंबई-पुण्याचा गोंगाट अडवितात, हे ती जागा निवडण्याचे एक कारण होते. प्रा. गोविंद स्वरूप यांची ही दुर्बीण आता सुमारे १२० मेगाहर्ट्झपासून ऐकते, म्हणजे विमानांच्या पट्ट्यातूनच. वरून जाणाऱ्या वैमानिकाचे बोलणे तिच्या लेखी खरखरच!

अँटेना ही फळीवर दिसत नाही, म्हणून विसरली जाते. या पट्ट्यातली लहर सव्वादोन-अडीच मीटर लांब असते आणि तिच्या पावपट, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटरची काठी पुरते. पण तिच्या बुडाशी धातूचा पत्रा हवा. पत्र्याच्या विमानात तो आयताच असतो. लाकडाच्या किंवा कापडाच्या विमानात धातूच्या पट्ट्या काठीभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या आतून चिकटवाव्या लागतात. कार्बनच्या तंतूंचे अंग असेल तर अँटेना आत लपवून चालत नाही. ते अंग लहरी अडविते.

शेवटी होकायंत्र. रेडिओ बोलताना दोनेक अँपियर प्रवाह ओढतो आणि त्या तारेजवळ सुई हलते. जाणारी आणि येणारी तार एकमेकींभोवती पिळून घेतली की त्यांचे परिणाम बव्हंशी एकमेकांना मारतात. तरीही विमान मोकळ्या जागी नेऊन, इंजिन चालू ठेवून, निरनिराळ्या दिशांना तोंड करून सुई दोनदा वाचावी लागते: एकदा रेडिओ बंद असताना आणि एकदा चालू करून. जो फरक निघेल तो छोट्या पत्रिकेवर लिहून होकायंत्राच्या खाली लावतात. त्यासाठी फळीवर जी बोटभर जागा लागते, ती पुठ्ठा कापतानाच राखून ठेवावी.