चिखल्यांवर मेंदी का लावतात?

आवणीच्या दिवसांत कसाऱ्याखालच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात बायामाणसांचे पाय दिवसभर भाताच्या खाचरात असतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, सोलतात, त्यांची आग होते. या चिखल्यांवर मराठी मुलखातला जुना उपाय म्हणजे मेंदी. कुंपणाचा पाला ओरबाडायचा, पाट्यावर वाटायचा आणि रात्री पाय कोरडे करून बेचक्यांत भरायचा.

सकाळी तांबडे झालेले पाय ही ‘लॉसोन’ या रेणूची करणी. पानात तो मोकळा नसतो. त्याचं पूर्वरूप साखरेला जखडलेलं असतं. पाला वाटला की पेशी फुटतात, साखर सुटते आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे लॉसोन तयार होतो. म्हणूनच अख्खं पान हातावर ठेवून रंग चढत नाही. लॉसोन कातडीतल्या केराटिन प्रथिनाशी रासायनिक बंध जोडतो. तळपायाचा मृत थर जाड, म्हणून तिथे रंग गडद. तो थर दोन-तीन आठवड्यांत झडला की रंगही जातो.

चिखलात हाच थर भिजून मऊ होतो आणि बुरशी, जीवाणू आत शिरतात. लॉसोन बुरशीची वाढ रोखतो, असं प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलं आहे. पानातलं टॅनिन कातडी आवळून धरतं. तरी पाय कोरडे ठेवणं हा पहिला उपचार. पू झाला, सूज आली किंवा मधुमेह असला, तर दवाखाना गाठावा.

मेंदी खरी कोरड्या, तापट हवेची. राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोडलेला पाला भिजला की रंग उतरतो, त्यामुळे धो-धो पावसाच्या या पट्ट्यात ती व्यापारी पीक होणं अवघड. कुंपणाला मात्र फाटा खोचला तरी जगते. घाटात लाल फुलांनी पेटणारी, आसव-अरिष्टांत पडणारी धायटी आणि राज्यपुष्प ताम्हण ही तिच्याच कुळातली.

दोन गोष्टी जपाव्यात. ‘जी-६-पीडी’ या विकराची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला मेंदी लावली तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. आणि बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन असतं, त्याने कातडीवर फोड येतात. पुडीवर झटपट काळ्या रंगाची हमी असेल तर ती घेऊ नये. लॉसोन सावकाश रंगतो, आणि तांबडाच रंगतो.