श्रवणयंत्र कपाटात का पडतं?

श्रवणयंत्र घेऊनही ते कपाटात पडून राहतं, आणि दोष यंत्राच्या माथी जातो. लालबाग-परळच्या गिरण्यांत, साचेखात्याच्या (मागांच्या विभागाच्या) खडखडाटात उमेदीची वर्षं काढलेल्या अनेकांच्या कानांतल्या सूक्ष्म पेशी कायमच्या गेल्या. यंत्र त्या परत आणत नाही, फक्त आवाज वाढवतं. अर्थ मात्र मेंदूच लावतो, आणि त्याला सवय व्हायला काही आठवडे लागतात. ‘नुसता गोंगाट ऐकू येतो’ ही तक्रार खरीच आहे. म्हणूनच सुरुवात दादरच्या बाजारात नव्हे, घरात एकाच माणसाशी बोलताना करावी; तरीही त्रास राहिला तर यंत्र तज्ज्ञाकडून पुन्हा जुळवून घ्यावं.

त्यात मुंबईची दमट हवा. घाम आणि पावसाळी ओल यंत्राला फार छळतात, म्हणून रोज रात्री ते कोरड्या फडक्याने पुसून, बॅटरीचं झाकण उघडं ठेवून सिलिका जेलच्या बंद डबीत ठेवावं. ‘बिघडलं’ म्हणण्याआधी यंत्राच्या नळीत कानातला मळ अडकलाय का, तेही पाहावं. झिंक-एअर बॅटरी हवेवर चालते. म्हणून तिच्यावरचं स्टिकर काढून मिनिटभर थांबावं, मगच ती बसवावी. खर्चाचा आक्षेप रास्त आहे, पण वांद्र्याच्या अली यावर जंग वाक्-श्रवण संस्थेत केंद्राच्या, अपंगांना साधनं देणाऱ्या ‘अ‍ॅडिप’ योजनेतून उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना यंत्र मिळू शकतं. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो.